सहा दिवस

एस. वाय. बी.एस्सी.ला असताना ग्रीनचं प्रमेय मी फळ्यावरून वहीत उतरवून घेतलं, तेव्हा ग्रीन हे कुणा माणसाचं आडनाव आहे याचाही विचार मनात आला नव्हता. बंद वक्राच्या कडेकडेने एक फेरी मारायची आणि तेवढ्यावरून आतल्या साऱ्या क्षेत्राचा हिशेब सांगायचा. किती सुंदर कल्पना! पुढे तीस वर्षं मी ती शिकवली. हा ग्रीन पवनचक्कीत दळण दळत होता हे मला कळलं ते निवृत्तीनंतर, मुलाकडे नॉटिंगहॅमला राहायला गेले तेव्हा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर टेकडीवर चक्कीची पाती दिसायची. सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "आई, ती ग्रीनची मिल. तुमच्या प्रमेयातलाच तो."

दुसऱ्या दिवशी मी त्या टेकडीवर होते.

स्नेंटन आता शहरात गेलं आहे, पण १८०७ साली जॉर्जच्या वडिलांनी, तेही जॉर्ज ग्रीनच, तिथे विटांची चक्की बांधली तेव्हा ते शहराबाहेरचं खेडं होतं. वडील नॉटिंगहॅममध्ये पाव भाजायचे. स्वतःच्या भट्टीला स्वतःचं पीठ हवं म्हणून चक्की. पोरगा चार सत्रं शाळेत गेला आणि कामाला लागला. पुढे १९४७ साली आगीत चक्कीचं नुसतं कवच उरलं होतं. ऐंशीच्या दशकात ती पुन्हा उभी केली आणि आज तिच्यात खरोखरीचं दळण होतं. शिडीसारख्या जिन्याने वर चढताना पिठाचा वास आला आणि माझे पाय तिथेच थबकले. इतक्या लांब, आणि वास तोच, आजीच्या जात्याभोवतीचा.

शब्द परके होते, काम ओळखीचं. खालची तळी स्थिर, वरची फिरणारी. वरच्या लाकडी नसराळ्यातून धान्य थरथरत पाळ्याच्या तोंडात पडतं. त्याला थरथरवणाऱ्या लोखंडी दांड्याला दळणवाले डॅमझेल म्हणायचे, म्हणजे तरुणी, कारण चक्की चालू आहे तोवर तिची बडबड थांबत नाही. धान्य संपत आलं की अशा चक्क्यांत एक छोटी घंटा वाजायची, कारण मधे दाणा नसेल तर दगडावर दगड घासून ठिणगी उडते आणि पिठाने आणि लाकडाने भरलेल्या इमारतीत ठिणगी म्हणजे सर्वनाश. आजी म्हणायची, जातं रिकामं फिरवू नये. आम्ही पोरं गंमत म्हणून खुंटा ओढायला गेलो की हातावर चापट बसायची. मला तो निव्वळ अपशकुनाचा भाग वाटायचा. ती घंटा पाहिल्यावर आजीचं म्हणणं मला साठ वर्षं उशिरा समजलं.

आणि टाकी. दगड गुळगुळीत झाले की आमच्याकडे टाकीवाले यायचे, तसे तिकडेही गावोगाव फिरणारे कारागीर चक्कीच्या दगडांना चऱ्या पाडायला येत. छिन्नीचे पोलादी कण उडून त्यांच्या हाताच्या मागच्या बाजूला कातडीत रुतून बसायचे, निळसर काळे. नवा कारागीर दारात आला की मालक त्याला हात दाखवायला सांगे. ज्याच्या हातात जास्त पोलाद, त्याचा अनुभव जास्त. हातच दाखला.

त्या दिवसापासून मी ग्रीनला कागदात शोधू लागले.

इंग्लंडात घराण्याचा माग काढणाऱ्याला दोन वाटा असतात. पहिली चर्चच्या वह्यांची. १५३८ साली टॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं एका वहीत लिहावीत आणि ती वही कुलपाच्या पेटीत ठेवावी. लोकांना वाटलं, नवा कर येणार. तेव्हा कर आला नाही, वह्या मात्र राहिल्या. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला किंवा नाशकात उपाध्याय चोपडा उघडतात आणि आपल्या पणजोबांचं नाव समोर येतं, तेव्हा अंगावर जो काटा येतो, तोच इथेही येतो. फरक एवढाच, की आपण यात्रेला गेलो तरच चोपड्यात येतो आणि ही वही मात्र गावातल्या प्रत्येकाची वाट पाहत असते.

पण ती जन्माची वही नव्हे, बाप्तिस्म्याची. ग्रीनची पहिली नोंद १४ जुलै १७९३ची आहे आणि ती त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडल्याची आहे. तो जन्मला कधी, ते कुणी लिहिलं नाही. त्या काळच्या वहीत बापाचा धंदा लिहिण्याची सक्ती नव्हती. १८१३पासून छापील रकाने आले, घर कुठलं, बाप काय करतो. तिथून पुढे कुठल्याही पॅरिशच्या वहीत 'मिलर' हा शब्द भेटू लागतो आणि शोधणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. गावात चार जॉर्ज ग्रीन असले तरी चक्कीवाला कोणता, हे तो एक शब्द सांगतो. लग्नाच्या नोंदीखाली १७५४पासून वधूवरांच्या सह्या आहेत. ज्याला सही येत नाही त्याची फुली. या फुल्यांपुढे मी फार वेळ रेंगाळते. शाईचा दाब, थरथर, कुठे कागद फाटेल इतकी जोरात ओढलेली रेघ. आयुष्यात एकदाच हातात घेतलेली लेखणी.

दुसरी वाट खानेसुमारीची. १८०१पासून दर दहा वर्षांनी मोजणी झाली, पण पहिल्या चार मोजण्यांत सरकारला नुसती डोकी हवी होती. १८४१ साली पहिल्यांदा देशभर नावं लिहिली. १८५१पासून तर प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगावही. हा जन्मगावाचा रकाना मला सर्वांत आवडतो. एखादा पगारी दळणवाला घ्या. थोरला मुलगा एका गावचा, मधल्या दोघी दुसऱ्या गावच्या, धाकटा तिसऱ्याच. रकाना वरून खाली वाचला की बापाच्या नोकऱ्या वाचून होतात, या नदीवरून त्या नदीवर, या पाणचक्कीतून त्या पाणचक्कीत, पाठीमागे संसाराची गाडी. आणि अशा घरांच्या पुढच्या नोंदी पाहत १८८१, १८९१पर्यंत आलं की मन जड होतं. अमेरिकेचा गहू जहाजांनी लिव्हरपूल आणि हलच्या बंदरात उतरू लागला होता, तिथेच पोलादी रुळांच्या प्रचंड गिरण्या उभ्या राहत होत्या. पांढरंशुभ्र पीठ रेल्वेने खेड्यात पोचू लागलं, तशी गावची चक्की गुरांचं खाद्य भरडायला उरली. ज्या घरापुढे आजोबाच्या वेळी 'मास्टर मिलर, दोन माणसं आणि एक पोऱ्या कामाला' असं लिहिलेलं असे, तिथे नातवापुढे 'मजूर' येतं. वहीत यावर एक शब्दही नाही. फक्त रकाना तोच आणि शब्द बदललेला.

ग्रीनचं घर मात्र या वह्यांच्या फटीतून निसटत राहतं.

वडिलांनी चक्की सांभाळायला विल्यम स्मिथ नावाचा माणूस ठेवला होता. त्याची मुलगी जेन. जॉर्ज आणि जेन यांना सात मुलं झाली. लग्न झालं नाही. वडिलांना ते पसंत नव्हतं असं सांगतात, आणि पुढे १८३९मध्ये केंब्रिजच्या ज्या कॉलेजने जॉर्जला फेलो केलं, त्याचा नियमच होता की फेलो अविवाहित हवा. म्हणजे लग्नाची वही कोरी. पण बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांनी काय केलं? सातांपैकी सहा मुलांना 'ग्रीन' हे बाप्तिस्म्याचं नाव म्हणूनच दिलं. आडनावाच्या जागेवर जे लिहिता येत नव्हतं, ते त्यांनी नावात लिहिलं, पाण्याच्या साक्षीने, चर्चच्याच शाईत. मी पडद्यासमोर बसून हे वाचलं आणि खुर्चीत मागे टेकून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. वंशावळी शोधणारा कुणी 'ग्रीन' हे मधलं नाव म्हणून सोडून देईल. माझ्या लेखी ती त्या दोघांची सही आहे.

शेजारीपाजारी हळूहळू तिला मिसेस ग्रीन म्हणू लागले. कागदात ती जेन स्मिथच होती, आणि इंग्लंडात जेन स्मिथ शोधणं म्हणजे आपल्याकडे शांता पाटील शोधण्यासारखं.

जॉर्जने दळणाच्या धबडग्यातून वेळ काढून १८२८ साली वीज आणि चुंबकत्वावरचा आपला निबंध स्वतःच छापून घेतला. किंमत साडेसात शिलिंग, वर्गणीदार पन्नासच्या आसपास, त्यांतले बरेचसे गावातले भले लोक, ज्यांना त्यातलं अवाक्षर कळणं शक्य नव्हतं. तरी त्यांनी पैसे दिले, याबद्दल मला त्यांचे पाय धरावेसे वाटतात. वडील वारल्यावर तो चाळिशीत केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला, पोरसवदा मुलांच्या बाकावर बसला. तब्येत बिघडली तसा परत आला. ३१ मे १८४१ रोजी तो स्नेंटनमध्ये वारला. त्याचा निबंध विल्यम टॉमसनच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनच्या हाती पडायला अजून चार वर्षं होती. त्याचं एकही चित्र कुठे नाही.

मृत्यूची नोंद मिळाली तेव्हा मी सवयीने १८४१च्या खानेसुमारीची तारीख पाहिली. रात्र ६ जूनची.

सहा दिवस. मागच्या चारही मोजण्यांच्या वेळी तो जिवंत होता, पण नुसता एक आकडा म्हणून. लहान मुलगा, मग तरुण, मग बाप. पहिल्यांदा देश दारोदार जाऊन नाव विचारायला निघाला आणि हा माणूस सहा दिवस आधी निघून गेला. असता, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचं वय पंचेचाळीस लागलं असतं, कारण त्या वर्षी मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहीत. पुढे धंदा काय लिहिला असता? 'मिलर'? हा एक शब्द वाचण्यासाठी मी काय दिलं असतं!

प्रमेयाची अट मी वर्गात बजावून सांगायचे, वक्र बंद असला पाहिजे, मधे कुठे तुटला तर आतलं काही सांगता येत नाही. या माणसाच्या कडेकडेने मी महिनाभर चालले. जन्माची तारीख नाही, लग्न नाही, खानेसुमारीत नाव नाही. तीन ठिकाणी रेघ तुटलेली. आणि तरी, का कोण जाणे, आत कुणीतरी राहत होतं हे मला बंद वक्रापेक्षाही स्पष्ट दिसत होतं.

१८४१ची ती पानं पेन्सिलीने लिहिलेली आहेत, फिकट, राखाडी. त्यांवर नंतर कारकुनांनी मोजताना मारलेल्या खुणा, कधी थेट वयावरच. कुटुंब संपलं की शेवटच्या नावाजवळ एक तिरपी रेघ असते. घर संपलं की दोन.

मी डोळे मिटते तेव्हा ती ७ जूनची सोमवारची सकाळ असते. मोजणीदार वाटलेले कागद गोळा करत स्नेंटनमध्ये फिरतोय. जेनच्या दाराशी येतो. प्रश्न एकच, काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं? वहीला फक्त रात्री घरात असलेली माणसं हवीत. ती मुलांची नावं सांगू लागते. धाकटीला बाप गेला तेव्हा तेरा महिनेच झाले होते. ती कडेवर आहे, बहुधा चुळबुळ करत, त्या माणसाच्या पेन्सिलीकडे हात लांब करत. जेन तिचंही नाव सांगते, वय एक. मग क्षणभर थांबते. पुढचं नाव ओठांवर येतं आणि रात्र तर कालचीच विचारलेली असते.

तो माणूस कागद घडी करून पिशवीत ठेवतो. संध्याकाळी दिव्याशी बसून तो ही नावं वहीत उतरवील आणि शेवटच्या नावापुढे दोन तिरप्या रेघा ओढून शेजारच्या घराकडे वळेल.