चाकांवरच्या घरातील ओल

यात्रेला निघायचे म्हटले की आपल्या धर्मग्रामांत बस ठरते, वर्गणी जमते, शिदोऱ्या बांधल्या जातात आणि वेलंकनीपर्यंतचा लांबचा रस्ता जपमाळेत व गप्पागोष्टींत सरतो. चाकांवर अख्खे घर घेऊन, त्यातच रांधून व त्यातच निजून प्रवास करण्याची रीत आपल्याकडे फारशी रुजली नाही. युरोपात मात्र ती सर्वपरिचित आहे. अशा गाडीला तेथे मोटरहोम म्हणतात. पुढे मालवाहू व्हॅनचे इंजिन आणि केबिन, मागे तिच्याच सांगाड्यावर उभारलेली एक छोटी खोली. नवी मोटरहोम नोकरदार माणसाच्या आवाक्याबाहेरची असते. त्यामुळे पंचवीस-तीस वर्षांची जुनी गाडी घेऊन तिची डागडुजी करून वापरणारे तेथे पुष्कळ. २०२३ साली इंग्लंडमध्ये अशाच एका गाडीवर मी तीन महिने सुतारकाम केले.

ती गाडी माझ्या भाच्याने आपल्या आईसाठी घेतली होती. बाय, म्हणजे माझी थोरली बहीण, नर्स म्हणून त्या देशात गेली आणि तिथलीच झाली. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून ती घरच्या घरी पोटावाटे डायलिसिस करते. पोटात कायमच्या बसवलेल्या नळीतून दोन लिटर द्रावण आत सोडायचे, काही तास राहू द्यायचे, मग ते काढून टाकून नवे भरायचे. दिवसातून चार वेळा आणि दर वेळी अर्धा-पाऊण तास. यंत्राशी जखडून न राहता माणूस हिंडू-फिरू शकतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. परंतु नळी जोडताना जंतू आत शिरला, तर पोटाच्या आतील आवरणाला सूज येते आणि प्रसंगी ते जिवावर बेतते. म्हणून हात नीट धुवायचे, तोंडाला मास्क बांधायचा, खिडकी बंद, पंखा बंद. असे असूनही लूर्दला जाण्याची तिची इच्छा जुनी होती. विमानाचा त्रास तिला नको होता, आणि मोटारीने आठशेहून अधिक किलोमीटर फ्रान्स ओलांडताना दर चार-पाच तासांनी स्वच्छ, बंद खोली आणायची कोठून? ती खोलीच सोबत न्यावी, असा भाच्याचा विचार.

गाडी १९९७ सालची, फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर बांधलेली. इंजिनाची प्रकृती उत्तम. आत पाऊल टाकले आणि मला वास आला. वसईच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला ओलीचा वास ओळखायला यंत्र लागत नाही. तरी भाच्याने यंत्र आणले होते: दोन टोकदार सुयांचे, लाकडात टोचले की ओलाव्याची टक्केवारी दाखवणारे. पंधरापर्यंत चिंता नसते. तिशीच्या पुढे लाकूड कुजू लागले असे धरतात. मागच्या खिडकीखाली आकडा अडतीस आला. नेमक्या त्याच कोपऱ्यात बाय बसणार होती. हात धुण्याचे भांडे तेथून जवळ होते, आणि द्रावणाची पिशवी पोटाच्या वर टांगून रिकामी पिशवी खाली जमिनीवर ठेवता येईल, एवढी उंची त्याच जागी मिळत होती.

अशा गाडीची भिंत आपण समजतो तशी भक्कम नसते. बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत पातळ प्लाय, मधे थर्मोकोल आणि तो धरून ठेवणारी लाकडी पट्ट्यांची चौकट. पत्रे जेथे मिळतात तेथे एक धातूची पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते आणि तिच्याखाली लांबीसारखा चिकट मसाला. पंधरा-वीस वर्षांत मसाला सुकतो, भेगाळतो. पाणी स्क्रूच्या भोकातून थेंबथेंब उतरते आणि पत्र्याच्या व प्लायच्या मधे कोंडून बसते. बाहेरून काहीच दिसत नाही. सरकारी वार्षिक तपासणीत ब्रेक, दिवे, टायर पाहतात. राहत्या भागातील ओल त्या तपासणीच्या कक्षेत येत नाही. जवळच्या एका वर्कशॉपने सल्ला दिला की वरून नवा गुळगुळीत तक्ता चिकटवा, म्हणजे काम झाले. मला शुभवर्तमानातील चुना फासलेल्या कबरी आठवल्या.

आम्ही आतील प्लाय काढला. खालची आडवी पट्टी पटाशी लावताच ओल्या भुशासारखी हातात आली आणि मागे काळी बुरशी पसरलेली होती. ज्या खोलीत नळी उघडायची तेथे ही बुरशी! सारे कुजके लाकूड काढल्यावर तीन आठवडे आम्ही काहीच जोडले नाही. हवेतील ओल शोषणारे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले आणि त्याचे भांडे भाचा रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी ओतून टाकी. थांबणे हादेखील सुतारकामाचा भाग आहे, हे तरुणांना पटवणे कठीण जाते. लाकूड सोळाच्या खाली आल्यावर नव्या पट्ट्या खाचेचे सांधे करून बसवल्या. हात सागवानाकडे ओढ घेत होता. पण सागवान जड, म्हणून पाइन घेतले. बाहेरच्या पट्ट्या उचकटून जुना मसाला खरवडला आणि ब्यूटाइलची चिकट फीत लावून त्या पुन्हा बसवल्या. घरोघरी वापरतात ते सिलिकोन येथे नको; पुढे कधी सांधा उघडावा लागला तर त्याच्या अंशावर दुसरे काही चिकटत नाही.

यानंतर वजनाचा प्रश्न आला. या गाडीला भारासहित ३,५०० किलोंची मर्यादा. वजनकाट्यावर ती रिकामीच ३,१८० भरली. तीन माणसे धरली की उरले सुमारे १२० किलो, आणि बायची औषधेच रोजची नऊ किलोंच्या आसपास. बारा दिवसांची १०८. द्रावणाची खोकी परदेशी पोचवण्याची सोय असते. पण रोज मुक्काम बदलणाऱ्याने पत्ता कोणता द्यावा? भाच्याच्या यादीत मोठा टीव्ही होता, नवे गालिचे होते. ती यादी बाजूला ठेवून आम्ही गाडी उतरवू लागलो. बाहेरचे छत गेले, सायकलींची चौकट गेली, मायक्रोवेव्ह गेला. ओव्हनपाशी भाचा अडला.

"मामा, ओव्हन तरी राहू दे."

बाय म्हणाली, "माझ्या पिशव्या राहू देत. पाव फ्रान्समध्ये मिळतो."

शिशाच्या दोन बॅटऱ्या, प्रत्येकी पंचवीस किलोंच्या, काढून बारा किलोंची एकच लिथियम बॅटरी बसवली. द्रावण अंगाइतके कोमट करणाऱ्या बारा व्होल्टच्या पिशवीला चार वेळा मिळून दिवसाला चाळीसेक अँपिअर-तास लागत. शंभराच्या बॅटरीतून ते सहज भागते. छपरावर एक सौर तक्ता आला, आणि जुन्या अल्टरनेटरवर ताण येऊ नये म्हणून मधे वीज बेताने सोडणारा चार्जर. टायर दिसायला कोरे होते. पण त्यांच्या बाजूवर छापलेले चार आकडे २३११ होते, म्हणजे ते २०११ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतातच. ते बदलले. इंजिनाचा टायमिंग बेल्टही बदलून घेतला.

सर्वांत शेवटी मी नव्या लाकडात पितळी हूक बसवला आणि दोन लिटर पाण्याची पिशवी त्याला रात्रभर टांगून ठेवली.

जूनमध्ये ती तिघे, बाय, भाचा आणि सून, पोर्ट्समथ बंदरातून बोटीने फ्रान्सला निघाली. माझ्यापाशी ब्रिटनचाच व्हिसा होता. फ्रान्सचा निराळा लागतो आणि तो सहसा आपण राहतो त्या देशातूनच काढावा लागतो. लूर्दची गुहा मी चित्रातच पाहिली आहे. त्यांच्या घरी एकटाच बसून मी रोज आकाशाकडे पाही, जणू तेथील ढग फ्रान्सचेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी टूरजवळच्या एका मुक्कामावरून भाच्याचा फोन आला. मोटरहोमसाठी राखलेल्या अशा जागा तेथील गावोगावी असतात; पिण्याचे पाणी मिळते, सांडपाणी ओतता येते. रात्रभर मुसळधार पाऊस झाला होता. मी आधी विचारले, "खिडकीखाली सुया लावल्यास?"

"लावल्या, मामा. बारा."

मग बायने फोन घेतला. हूक हलत नाही, म्हणाली. आणि आता ठेव, मला हात धुवायचे आहेत.