सुटलेला झेल आणि न मिळालेली टोपी

पुणे

चि. सुहास यास,

जिल्ह्याच्या १६ वर्षांखालील संघाच्या निवड समितीवर तुला घेतल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. आता तुझ्या टेबलावर मुलांच्या धावा आणि बळींचे कागद येतील. त्या कागदांवर काय लिहिलेलं नसतं, एवढ्याचसाठी हे पत्र.

१३ नोव्हेंबर २०१४ला ईडन गार्डन्सवर रोहित शर्मा ४ धावांवर असताना थर्ड मॅनला थिसारा परेराच्या हातून त्याचा झेल सुटला. पुढे रोहितने १७३ चेंडूंत २६४ केल्या आणि श्रीलंकेचा आख्खा संघ २५१ मध्ये गारद झाला. त्याआधी वीस वर्षं, १९९४च्या जूनमध्ये, एजबॅस्टनवर ब्रायन लारा १२ धावांवर त्रिफळाचीत झाला होता, पण तो नोबॉल ठरला. १८ वर असताना यष्टिरक्षकाने त्याचा झेल टाकला. तो डाव संपला तेव्हा लारा नाबाद ५०१ होता. अशा डावांना ‘नशिबाचे’ म्हणून हात झटकणारे लोक एक गोष्ट विसरतात. झेल रोज कुठल्या ना कुठल्या मैदानावर सुटतात, आणि जीवदान मिळालेले बहुतेक फलंदाज आणखी वीस-तीस धावा करून तंबूत परततात. पहिल्या चार धावांनंतर रोहितला नशिबाने एक चेंडू जास्त मिळाला. पुढच्या २६० धावा मात्र त्याच्या स्वतःच्या आहेत.

पण प्रत्येक मोठ्या डावाला हे लागू होत नाही. २०११च्या विश्वचषकाची मोहालीतली उपांत्य लढत आठव. सचिनला २३ वर पंचांनी पायचीत दिलं आणि तिसऱ्या पंचांनी तो निर्णय फिरवला. मग २७, ४५, ७० आणि ८१ वर असे त्याचे चार झेल सुटले. त्याच्या ८५ धावा भारताला लागत होत्या, सामना २९ धावांनी जिंकला, सामनावीरही तोच. त्याच डावात वहाब रियाझने ४६ धावांत ५ बळी घेतले होते, त्यात युवराजचा पहिल्याच चेंडूवर उडवलेला त्रिफळा होता. त्या दिवशीची खरी कामगिरी वहाबची होती. आणि शाहिद आफ्रिदीकडे पाहा : सुटलेले बहुतेक झेल त्याच्या चेंडूंवर उडाले होते, तरी त्याच्या नावापुढे एकही बळी नाही. धावफलक वाचणाऱ्याला तो दिवसभर निष्प्रभ ठरला असंच वाटेल.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे १९ डिसेंबर २०२०चं अ‍ॅडलेड. भारताचा डाव ३६ धावांत आटोपला, फक्त २१.२ षटकांत. एकालाही दोन आकडी धावा करता आल्या नाहीत आणि हेझलवूडने ८ धावांत ५ बळी घेतले. गोलंदाजी अप्रतिम होती, यात वाद नाही. पण त्या दिवशी चेंडू बॅटजवळून नुसता गेला असं फारसं झालं नाही. ज्याला कड लागायची त्याला ती लागली, आणि लागलेली कड हातात बसली. दहा दिवसांनी मेलबर्नला, चार बदल केलेल्या भारतीय संघाने आठ गडी राखून सामना जिंकला. त्यात अजिंक्य रहाणेचं ११२ धावांचं शतक होतं, आणि त्यालाही स्मिथने स्लिपमध्ये ७३ वर जीवदान दिलं होतं. ३६ हा त्या फलंदाजांच्या लायकीचा आकडा नव्हता.

गोलंदाजांच्या बाबतीत तर आकडे आणखी फसवतात. १९५६ची ओल्ड ट्रॅफर्ड कसोटी जिम लेकरच्या १९ बळींसाठी सगळ्यांना पाठ आहे. त्याच सामन्यात, त्याच फिरत्या खेळपट्टीवर टोनी लॉकने लेकरपेक्षा एक षटक जास्त, म्हणजे ६९ षटकं टाकली. त्याला बळी मिळाला एक! लेकर आपल्या टप्प्यावर ठाम राहिला, लॉक मात्र चिडून वेग वाढवत गेला, हे खरं. म्हणून फरक पडायला हवाच होता. पण पुढे-मागे ४९ कसोटींत १७४ बळी घेणाऱ्या माणसाची आणि लेकरची कुवत एकास एकोणीस नव्हती.

तरीही, सुहास, हे सगळं लहान नशीब. दहा-बारा वर्षं खेळणाऱ्याच्या कारकिर्दीत सुटलेले झेल आणि चुकीचे निर्णय बरेचसे फिटतात. फिटत नाही ती संधी.

पद्माकर शिवलकरांचं नाव तुझ्या पिढीने नीट ऐकलेलं नसेल. १२४ प्रथमश्रेणी सामन्यांत ५८९ बळी, सरासरी १९.६९. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. कसोटी? एकही नाही. डावखुरे फिरकीपटू म्हणून बिशनसिंग बेदी त्याच काळात खेळत होते. हरियाणाच्या राजिंदर गोयलांचंही तेच. रणजीत ६३७ बळींचा विक्रम करून ते भारताकडून न खेळताच निवृत्त झाले. बेदी महान होतेच. पण शिवलकर दहा वर्षं मागे-पुढे जन्मले असते तर त्यांच्या बोटांत काही कमी-जास्त झालं नसतं.

करुण नायरने डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ केल्या. पुढच्याच कसोटीत दुखापतीतून सावरलेला रहाणे परतला आणि नायर बाहेर बसला. मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन कसोटी, त्या साधारण गेल्या, आणि मार्च २०१७नंतर त्याला थेट २०२५च्या इंग्लंड दौऱ्यापर्यंत वाट पाहावी लागली. तीन कसोटींवर झालेला तो निवाडा मला आजही पटत नाही. इथे पंच नव्हते, कड नव्हती, सुटलेला झेल नव्हता. हे दुर्दैव बैठकीच्या खोलीत ठरलं.

आणि अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०, प्रथमश्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतकं, पण भारताची टोपी कधीच नाही. मधल्या फळीत त्याच वेळी द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तेच होते. लोकांनी म्हटलं, न्याय झाला. मला तसं वाटत नाही. ते यश त्यांनी वेगळ्या कामात नव्याने कमावलं. खेळाडू म्हणून जे राहिलं ते राहिलंच.

तुझ्या हातात आता हे मोठं नशीब आहे, पंधरा वर्षांच्या मुलांचं. म्हणून दोन गोष्टी कर. स्कोअरबुक लिहिणाऱ्याला सांगून प्रत्येक डावापुढे सुटलेले झेल नोंदवून घे, फलंदाजाच्याही आणि ज्याच्या चेंडूवर ते सुटले त्या गोलंदाजाच्याही नावावर. आणि दोन सामन्यांत शून्यावर बाद झालेल्या मुलाचं नाव खोडण्याआधी त्याला नेटमध्ये एकदा स्वतः उभं राहून पाहा. समितीत बाकीचे कंटाळले तरी पाहा.

तुझा,
काका