मेणकागद

ज्या वस्तू घरात कोणी मुद्दाम विकत आणीत नाही, त्यांच्याविषयी सहसा कोणी लिहीतही नाही. मेणकागद ही त्यांपैकीच एक. आमच्या घरी तो येई पावाच्या अंगावरून. पाव संपला की आई वेष्टन अलगद उलगडी, चुरा झाडी, गार पाण्याच्या फडक्याने पुसे, सावलीत वाळवी आणि सुरळी करून फळीवर ठेवी. घडी घालायची नाही, हा तिचा दंडक होता. घडीच्या रेषेवर मेण तडकते आणि त्या तडीतून ओल आत शिरते, हे तिला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते. कलकत्त्याच्या पावसाळ्याने शिकविले होते.

मुलूख सोडून या शहरात आलेल्या मराठी माणसाला इथल्या हवेची ओळख प्रथम स्वयंपाकघरात होते. मीठ ओघळते, पापड माना टाकतात, पोहे सादळतात. देशावरून वर्षाकाठी कोणाबरोबर तरी येणारे मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी यांना येथे राखणदार लागे. तो मान या कागदाचा. डब्याला आतून त्याचे अस्तर आणि झाकणाखाली त्याचीच एक चकती. एवढ्या बंदोबस्तात मेतकूट दिवाळीपर्यंत आपला वास टिकवून धरी.

कागद म्हणजे वनस्पतीचे तंतू. पाणी दिसले की ते पिऊन टाकणारे. पॅराफिनच्या मेणाला मात्र पाण्याचे मुळीच अगत्य नाही. कार्ल फोन रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये पॅराफिन वेगळे काढले आणि पुढे खनिज तेलातून ते मुबलक मिळू लागले. तंतूंमधल्या फटी या मेणाने बुजल्या की तहानलेला कागद एकाएकी विरक्त होतो. उष्णतेपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. पन्नास-साठ अंशांच्या आसपास हे मेण वितळू लागते. म्हणून तव्याशी आणि भट्टीशी त्याची सोयरीक जमत नाही.

पण याच दुर्बलतेचा आईने उपयोग करून घेतला होता. इस्त्री कपड्यांवर अडखळू लागली की ती कोमट करून मेणकागदावरून फिरवायची आणि मग जुन्या फडक्यावर पुसायची. पावसात फुगलेला कपाटाचा खण कडांवर हाच कागद घासला की मुकाट्याने सरकू लागे. नारळाच्या वड्या थापताना मिश्रण जरा निवले की वर कागद पसरून वाटीच्या बुडाने दाबायचे. वडीचा पृष्ठभाग आरशासारखा होई. उरलेला तुकडा आम्हां मुलांचा. तो फणीवर ताणून ओठांशी धरला आणि गुणगुणले की जो भुंगा घरभर फिरे, त्याने दुपारची झोप घेणारे वडील हमखास जागे होत.

१९७८ च्या सप्टेंबरअखेर कलकत्ता पाण्यात बुडाले. भवानीपूरमधल्या आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत गुडघाभर पाणी होते आणि कपाटाचा खालचा खण त्यात बुडाला होता. त्याच खणात रेशनकार्ड असे. परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबाला त्या कार्डाचे मोल तांदूळ-साखरेपुरते नव्हते. आपण या शहराचे रहिवासी आहोत याचा तो आमच्याजवळचा एकमेव कागद होता. आईने ते दुहेरी मेणकागदात गुंडाळून, टोके पिळून, दोऱ्याने बांधून एका डबीत ठेवले होते. डबीत पाणी शिरलेच होते. पुडके उघडेपर्यंत कोणी बोलले नाही. कार्डाच्या कडा ओलावल्या होत्या, पण बंगाली लिपीत लिहिलेली आमची पाचही नावे स्पष्ट होती. "नावं जागच्या जागी आहेत," आई म्हणाली, "आता तांदळाचं बघा."

याच कागदाच्या एका भावंडाने आमची अक्षरेही सांभाळली. सायक्लोस्टाइलचे सुरुवातीचे स्टेन्सिल मेण चढविलेल्या पातळ कागदाचेच असत. पुढे लेपाचे द्रव्य बदलले, तत्त्व तेच राहिले. मराठी छापखाना जवळ नसलेल्या गावोगावच्या मंडळांची परिपत्रके, स्मरणिका आणि कित्येक नियतकालिके त्यावरच निघाली. पोलादी लेखणीने लिहिताना जिथे लेप निघेल तिथूनच शाई पलीकडे उतरते. स्वयंपाकघरात ज्या तडीला आई इतकी जपे, ती तड येथे अक्षर होई. आमच्या मंडळाचे पत्रक वडील स्वतः लिहीत. हात जड पडला की काना-मात्रेपाशी कागद फाटे आणि सगळे पान पुन्हा लिहावे लागे.

पुढे प्लास्टिक आले. पाव, बिस्किटे, भाजणी, सगळ्यांनी नवा अंगरखा चढविला आणि तो ओलीला अधिक चांगला तोंड देतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आल्यावर जुन्या कागदाची आठवण पुष्कळांना झाली. त्याचेही देव्हारे माजवू नयेत. पॅराफिन हेही खनिज तेलाचेच अपत्य. आणि मेण चढलेल्या कागदाचा पुन्हा लगदा करणे जिकिरीचे असते.

मला त्याचे महत्त्व वाटते ते निराळ्या कारणासाठी. प्लास्टिकची पिशवी आपल्याकडून काहीच मागत नाही, म्हणून आपणही तिला काही देत नाही. मेणकागदाची मात्र मर्जी राखावी लागे: मोडू नये, तापवू नये, पुसून वाळवावा. जपणाऱ्यालाही जपावे लागते, हा धडा त्याने आमच्या घराला दिला. घराबाहेर दिवसभर बंगाली आणि हिंदी बोलून परतल्यावर उंबऱ्याच्या आत आम्ही मराठी बोलत आलो, तेही याच निगुतीने. इथल्या हवेत भाषाही सादळते. तिच्यासाठी रोज एक पातळसा थर आपल्याच हाताने चढवावा लागतो.