मॅडमची खर्चवही

मी नेमकं काय काम करतो, हे आमच्या आईला आजही नातेवाइकांना धड सांगता येत नाही. "पोरांची शिबिरं घेतो," एवढं सांगून ती थांबते आणि समोरचा लगेच विचारतो, "ते झालं, पण नोकरी कुठं?" तरुणांसोबत काम करणं हा पोटापाण्याचा व्यवसाय असू शकतो आणि तो शिकावा लागतो, हे आपल्याकडे अजून कुणाच्या पचनी पडलेलं नाही. मला ते पटलं एका अर्थशास्त्राच्या मॅडममुळे. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून लिहीत नाही.

माणदेशातलं तालुक्याच्या गावचं कॉलेज, नव्वदच्या दशकाची अखेर. मॅडम राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकारी होत्या. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. आमच्यापर्यंत येईतो तिचा साचा ठरून गेला होता. दोन वर्षांत २४० तास भरायचे, एक हिवाळी शिबिर करायचं, प्रमाणपत्र घ्यायचं. शिबिरात पहाटे प्रभातफेरी, दुपारपर्यंत श्रमदान, संध्याकाळी पाहुण्यांचं बौद्धिक आणि रात्री पोरांचा धिंगाणा. मीही वाढीव गुणांसाठीच नाव दिलं होतं. उगाच मोठेपणा कशाला सांगू!

पहिल्याच संध्याकाळी मॅडमनी लाल पुठ्ठ्याची एक वही माझ्या हातात दिली. "तू फार बोलत नाहीस. मग लिही. बाजार तू करायचा, पैसे तुझ्याकडे." वर्गात हजेरीपलीकडे माझं तोंड उघडत नसे आणि शिबिराची तिजोरी माझ्या खिशात! रात्री जेवणं उरकल्यावर शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांनी गोल बसायचं आणि मी दिवसाचा खर्च मोठ्यानं वाचायचा, असा त्यांचा नियम. मी चाचरत वाचत होतो. कोथिंबिरीपाशी आलो आणि कोपऱ्यातून एकानं हटकलं, "बारा रुपयांची कोथिंबीर? आमच्या रानात पिकते रे, भाव सांगू का?" सगळे हसले. मी मॅडमकडे पाहिलं. त्या वहीकडे बघत होत्या. मला सांभाळून घेतलं नाही, त्याला दटावलं नाही. बराच वेळ तसाच गेला. शेवटी मलाच सांगावं लागलं, की जुड्या नव्हत्या, दोन दिवस पुरेल असा भारा घेतला होता. एवढ्या लोकांसमोर बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी बाजाराला माझ्यासोबत कोण? तर ज्यानं प्रश्न विचारला होता, तोच.

गप्प पोराला काम देणं, प्रश्न विचारणाऱ्याला जबाबदारीत ओढणं आणि आपण मध्ये न पडणं, याला आम्ही आता प्रशिक्षणात मोठमोठी नावं देतो. मॅडम ते करताना कुणाला कळतही नव्हतं.

शिबिर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात असायचं, त्यालाही कारण होतं. २६ जानेवारीला गावात ग्रामसभा असते. झेंडावंदन झालं, की खाऊ घेऊन पोरं पांगतात आणि मोठी माणसं चहाला जातात. मॅडमनी आम्हांला मागे बसवून घेतलं. "तुम्ही इथले मतदार नाही, तेव्हा बोलायचं नाही. फक्त बघा." आम्ही बघितलं. ग्रामपंचायतीच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसं नसतील तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की गणपूर्ती लागतच नाही. म्हणजे लोक आलेच नाहीत तरी गाडं चालतं. रात्री गोलात मॅडमनी एवढंच विचारलं, "जमाखर्च किती मिनिटांत वाचला?" कोथिंबिरीवर आमची अर्धी रात्र गेली होती. वर्षाचा जमाखर्च चहा निवायच्या आत आटोपला होता.

आमच्या भागात राजकारणाची जाण कमी होती, असं कुणी म्हणू नये. शेजारच्या सांगोल्यानं गणपतराव देशमुखांना एकूण अकरा वेळा विधानसभेत पाठवलं. निवडणूक आली की पारावर पहाटेपर्यंत आकडेमोड चाले. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं होतं, त्यामुळे आमच्यासारख्या पोरांना प्रचारात भाव होता. पण निवडणूक आणि निवडणूक यांच्या मधल्या पाच वर्षांत तरुणानं काय करायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. मॅडमनी शिबिराहून आल्यावर १८ पूर्ण झालेल्यांकडून मतदार नोंदणीचा नमुना ६ भरून घेतला आणि १ मेच्या ग्रामसभेला आपापल्या गावात एक प्रश्न विचारायचा, असं ठरवून दिलं. एकच. तोही आकड्याचा.

आमच्या गावच्या सभेत मी उठून विचारलं, "गेल्या वर्षी पाणीपट्टी किती जमा झाली?" समोरून उत्तर आलं, "कुणाचा तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. मागून चुलत्यांनी शर्ट ओढला, "बस की खाली!" मी उभाच राहिलो. बोलण्यासारखं आणखी काही सुचत नव्हतं, म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग कुणीतरी वही उघडली आणि आकडा वाचून दाखवला. क्रांती वगैरे काही झाली नाही. नळाला पाणी पूर्वीसारखंच दोन दिवसांआड येत राहिलं. कॉलेज उघडल्यावर मी फुशारकीनं सगळं सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, "बरं. पुढचा प्रश्न काय होता तुझा?"

हे त्यांच्यात आलं कुठून, याचा शोध मी पुढे घेतला. लहानपणी त्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जात. १९४१ साली एस. एम. जोशी दलप्रमुख झाले आणि सेवा दलाची नवी उभारणी झाली, त्या पिढीनं घडवलेली माणसं मॅडमच्या गावात शाखा चालवत. खेळ, गाणी, कलापथक आणि शेवटी गोलात बसून दिवसाची झडती. मॅडमनी तो गोल उचलून सरकारी योजनेत आणून बसवला.

पण त्याची किंमत कुणी मोजली? अर्थशास्त्राचे तास पुरे घेऊन हे सगळं वर. खर्चापुरता किरकोळ भत्ता. त्यांची धाकटी मुलगी शिबिराच्या दिवसांत शाळेच्या वर्गात, आमच्या मुलींच्या रांगेत सतरंजीवर झोपायची, कारण घरी बघायला कुणी नसे. स्टाफरूममध्ये मात्र एकच वाक्य, "मॅडमना हौस आहे." हौस म्हटलं, की तासिका कमी करायला नको, प्रशिक्षण द्यायला नको, जागा भरायला नको.

इंग्लंडमध्ये १९६० साली अल्बेमार्ल समितीनं हाच प्रश्न धसास लावला. युवक मंडळं नुसत्या हौशी माणसांवर चालायची नाहीत, पगारी आणि शिकलेले कार्यकर्ते हवेत, असा अहवाल दिला, आणि पुढच्याच वर्षी लेस्टर शहरात त्यांच्यासाठी राष्ट्रीय कॉलेज उघडलं. आपल्याकडे नेहरू युवा केंद्रं १९७२ मध्ये सुरू झाली. श्रीपेरुंबुदूरची राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्था १९९३ ची, आणि २०१२ च्या कायद्यानं तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जाही मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ साली तरुणांसाठी 'निर्माण' हा उपक्रम सुरू केला. म्हणजे अगदीच उजाड माळ नाही. तरी तालुक्याच्या पातळीवर या कामाची कायम पगाराची जागा अजून विरळाच. आम्ही बहुतेक जण प्रकल्प संपेपर्यंतचे.

हे काम पगारी आणि शास्त्रशुद्ध करण्याची दुसरी बाजूही पुढे मॅडमनीच दाखवली. मी मोठ्या उत्साहानं त्यांना आमचा मूल्यमापनाचा फॉर्म दाखवला. किती युवक आले, किती सत्रं झाली, नेतृत्वगुणांत वाढ किती. चष्मा लावून त्यांनी सगळा वाचला आणि विचारलं, "रुसून उठून गेलेलं पोर यात कुठं लिहायचं?" तो रकाना अजून आम्हांला करता आलेला नाही. तरीही मी म्हणेन, पगार आणि प्रशिक्षण हवंच. मॅडमसारखी माणसं निपजतील या भरवशावर राज्यभरातल्या पोरांना सोडता येत नाही.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणांत अर्थशास्त्राच्या निकालाची टक्केवारी सगळ्यांनी सांगितली. शिबिरांबद्दल कुणी बोललं नाही. म्हणून जे संस्थाचालक आणि प्राचार्य हे वाचत असतील, त्यांना एक विनंती. येत्या जूनला कार्यक्रम अधिकारी नेमाल, तेव्हा सर्वांत नव्या प्राध्यापकाच्या गळ्यात ते काम घालू नका. ज्याला पोरांमध्ये बसता येतं त्याला नेमा, आधी प्रशिक्षणाला पाठवा आणि त्याच्या आठवड्याच्या तासिका कमी करा.