हिरव्या म्हशीचं गणित

पुणे, पोळ्याच्या आधीचा रविवार

ती. दादास,


तू पाठवलेला तो मेसेज परत काढून वाचला. ‘जपानी शास्त्रज्ञांनी प्राण्याच्या पेशीत हिरवा कण घातला, आता माणूस उन्हात उभा राहून पोट भरणार.’ आणि त्याच्याखाली तुझी ओळ : ‘बाई, आधी आपल्या म्हशीला हिरवी कर, कडब्याचे पैसे वाचतील. नंतर वावर विकून टाकू.’ फोनवर मी हसून विषय टाळला. पण एवढी वर्षं पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सख्ख्या भावाला धड उत्तर देता आलं नाही, ही रुखरुख राहिली. मासिकाला एक लेख द्यायचा होताच. म्हटलं, तुलाच पत्र लिहावं, लोकांनी वाचलं तर वाचू दे.

आधी एका चोराची गोष्ट ऐक. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर खाऱ्या दलदलीत एक समुद्री गोगलगाय राहते, एलिसिया क्लोरोटिका. सोयाबीन फस्त करणारी आपली शंखी गोगलगाय डोळ्यांपुढे आणू नकोस. हिच्या पाठीवर शंख नाही. दोन-तीन सेंटिमीटर लांब, चपटी, कडा पसरलेल्या, शिरासुद्धा पानासारख्या. पाण्यात पिंपळाचं कोवळं पान पडलंय असंच वाटावं. जन्मतः मात्र ती हिरवी नसते. व्हाउचेरिया नावाचं शेवाळ सापडलं की त्याच्या तंतूला ती भोक पाडते आणि आतला रस ओढून घेते. या तंतूत मधे पडदेच नसतात. बिनपेराचा ऊस समज, एका टोकाला तोंड लावलं की सगळा रस येतो. रसातलं बाकीचं सगळं ती पचवते, हरितलवकं तेवढी ठेवते. हरितलवक म्हणजे पानातला तो हिरवा कण, ज्यात ऊन, पाणी आणि हवा यांची साखर होते. हे कण तिच्या आतड्याच्या पेशींत जाऊन बसतात, आतड्याच्या फांद्या अंगभर पसरलेल्या असतात आणि बाई हिरवीगार होते. प्रयोगशाळेत अशी गोगलगाय नुसत्या उजेडावर, काही न खाता, नऊ-दहा महिने राहिली आहे.

आता तुला लगेच कळेल अशी गोष्ट सांगते. तिची पिल्लं पुन्हा कोरीच जन्मतात. आईनं चोरलेलं हिरवेपण अंड्यातून पुढे जात नाही. दर पिढीनं नव्यानं शेवाळ शोधायचं, नव्यानं चोरी करायची. तुझं संकरित बियाणं असतं ना, घरचं राखून चालत नाही, दर जूनला दुकानाच्या दारात उभं राहावं लागतं, तसंच.

शास्त्रज्ञांना या चोरीनं वेड लावलं. कारण हरितलवक एकट्यानं जगणारा जीव नाही. त्याचा एक अवयव उन्हानं रोज जळतो आणि रोज नवा बसवावा लागतो. त्याला लागणारी हजारो प्रथिनं वनस्पतीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात, त्याच्या स्वतःच्या गाठीला जेमतेम शे-दोनशे जनुकं. मग वनस्पतीपासून तोडलेलं हरितलवक गोगलगायीच्या पोटात महिनोन्‌महिने चालतं कसं? 2008 मध्ये मेन विद्यापीठातल्या मेरी रम्फो यांच्या गटाला गोगलगायीच्या डीएनएत शेवाळाचं एक जनुक सापडलं. केवढी खळबळ! चोरानं यंत्र तर नेलंच, दुरुस्तीचं पुस्तकही नेलं, असा अर्थ निघाला. मी स्वतः हे दोन वर्षं वर्गात अगदी रंगवून शिकवलं. मग 2013 मध्ये दुसऱ्या गटानं गोगलगायीच्या अंड्यांतला डीएनए वाचला, आणि पिढीजात म्हणावं असं शेवाळाचं जनुक त्यात मिळालं नाही. त्याच सुमारास जर्मनीतल्या संशोधकांनी याच कुळातल्या दुसऱ्या गोगलगायी उपाशी ठेवल्या, काही उजेडात, काही अंधारात. अंधारातल्याही आठवडेच्या आठवडे जगल्या. मग ऊन नक्की किती कामाचं? 2025 मध्ये हार्वर्डच्या गटानं दाखवलं की तिच्या एका चुलत बहिणीच्या पेशीत ही हरितलवकं खास पिशव्यांत जपून ठेवलेली असतात, आणि फारच उपासमार झाली की ती त्यांनाच पचवते. हिरवी बाई मग केशरी पडते. मला विचारशील तर ही गोगलगाय थोडी शेतकरी आणि थोडी कणगीवाली. चार दिवस उत्पन्न घ्यायचं, वेळ आली की बियाणंच दळून खायचं. दुष्काळाच्या वर्षी आपल्या आजीनं काय केलं होतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

आता तुझी म्हैस. पण आधी तूच घे, हिशोब सोपा पडतो.

आपल्याकडे एक चौरस मीटर जागेवर दिवसाला सरासरी पाच युनिट ऊन पडतं असं धर. वीजबिलातलं युनिट तेच हे. पाच युनिट म्हणजे साधारण 4300 किलोकॅलरी. पीक यातलं एक टक्का बांधून ठेवू शकलं तरी भरपूर, म्हणजे 43. तुझी सगळी कातडी पसरली तर पावणेदोन चौरस मीटर भरेल, पण एका वेळी उन्हात येणार फार तर निम्मी. म्हणजे अंगात एक धागा न ठेवता दिवसभर धुऱ्यावर उभा राहिलास, तर कमाई सुमारे 38 किलोकॅलरी. एका पोळीच्या 100 असतात. म्हणजे निम्मी पोळीसुद्धा नाही, आणि उन्हात उभं राहायला लागलेली ताकद वेगळीच.

तुला दिवसाला दोन हजार लागतात असं मानलं (वावरात राबणाऱ्याला खरं तर जास्तच), तर अंगाला साडेसेहेचाळीस चौरस मीटर पान हवं. बरोबर पाचशे चौरस फूट. आमचा इथला फ्लॅट तेवढाच आहे. तो पाठीवर घेऊन तू डवरणी करतोयस, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी एकटीच हसत बसले.

म्हशीचं त्याहून वाईट. जनावर जेवढं मोठं, तेवढी वजनाच्या मानानं कातडी कमी. उन्हात दिवसभर बांधली तरी कडब्याची एक पेंढी वाचणार नाही. आणि म्हैस उन्हात थांबते कधी? ती डबक्यात जाऊन बसणार.

झाडाला हे परवडतं, कारण ते जागचं हलत नाही. हजारो पातळ पानं पसरून एका जागी उभं राहायचं हाच त्याचा धंदा. आपण चालतो, बैल हाकतो, भांडतो. तूर आपल्यासाठी अख्ख्या एकरावर पान पसरून बसते आणि महिनोन्‌महिन्यांचं ऊन मूठभर दाण्यात भरून देते. म्हणून वावर विकायची घाई करू नकोस.

तरीही त्या मेसेजात खरं काहीच नव्हतं असं नाही. 2024 मध्ये टोकियो विद्यापीठातल्या साचिहिरो मात्सुनागा यांच्या गटानं एका लाल शेवाळाची हरितलवकं हॅमस्टरच्या पेशींत घातली, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींत. जिवंत हॅमस्टरला कुणी हात लावला नाही. प्रकाशसंश्लेषणाची पहिली पायरी दोन दिवस चालू असल्याचं दिसलं, मग हरितलवकं मोडत गेली. तुला दोन दिवस म्हणजे काहीच वाटणार नाही. मला खूप वाटतात, कारण प्राण्याची पेशी असा परका कण एरवी लगेच पचवून टाकते. त्यांचा हेतूही माणसाचं पोट भरण्याचा नव्हताच. प्रयोगशाळेत कातडी किंवा मांसाचा जाड तुकडा वाढवायचा तर आतल्या पेशी प्राणवायूवाचून गुदमरतात. तिथे उजेड पाडला की आतच प्राणवायू तयार व्हावा, एवढीच अपेक्षा.

त्याहून मला भावला तो चीनच्या चच्यांग विद्यापीठाचा 2022 चा प्रयोग. त्यांनी पालकाच्या हरितलवकातली प्रकाश पकडणारी पटलं काढली, उंदराच्याच पेशीच्या आवरणात गुंडाळली आणि झिजलेल्या गुडघ्यांत सोडली. वरून उजेड दिला की ती तिथल्या दमलेल्या पेशींना ऊर्जा पुरवायची आणि झीज मंदावली. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘मग रोज पालकाची भाजी खाते ती कुठे जाते?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उंदराचा गुडघा आहे आई, तुझा नाही, एवढंच म्हटलं.

जनुकं बदलून पिढ्यान्‌पिढ्या हिरवा राहणारा प्राणी घडवायचा, ही मात्र फार दूरची वाट. आपल्या बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचं एकच जनुक घातलं होतं, 2002 मध्ये परवानगी मिळाली, पुढे दोन जनुकांचं बियाणं आलं. तरी 2017 साली गुलाबी बोंडअळीनं आपल्या बोंडांचं काय केलं, हे मी तुला सांगायला नको. त्या वर्षी तू फोन उचलत नव्हतास. इथे एका जनुकाचा प्रश्न नाही, शेकडो-हजारो जनुकं नीट बसवायची आहेत. शिवाय कातडी पानासारखी पातळ हवी, म्हणजे उन्हात वाळून जाणार. वनस्पतीच्या पूर्वजानं हरितलवकाच्या पूर्वजाला पोटात ठेवून घेतलं त्याला शंभर कोटींहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात ते दोघं एकमेकांशिवाय जगेनासे झाले. हा संसार चार प्रयोगांत उभा करता येईल असं मला वाटत नाही. माझे विद्यार्थी माझ्याशी भांडतात, आणि त्यांच्यातलाच कुणी मला खोटं पाडेल, तर मी पेढे वाटीन.

ऊन राबवायचंच असेल तर तुझा सौर पंप बघ. ती काच उन्हातलं वीस टक्क्यांच्या आसपास पकडते, पानाच्या कितीतरी पट. फक्त तिला कणीस धरता येत नाही.

बैलांच्या झुली मी गेल्या वेळी माळ्यावर ठेवल्या होत्या, पेटीच्या मागे. पोळ्याला यायला जमणार नाही, परीक्षा आहेत. कापसाच्या पहिल्या वेच्याला मात्र नक्की येते. सीतादहीच्या पूजेचा दहीभात माझ्यासाठी थोडा राखून ठेव, आणि वहिनीला म्हणावं, मिरचीचा ठेचा यंदा कमी तिखट कर.

तुझी,
बाई