खंडेनवमीचें काडतूस

वडिलांनीं मागें ठेविलेल्या वस्तूंत शहाद्याकडील शेत, एक जुनी ट्रंक, चष्म्याचीं दोन घरें व एक पिस्तूल होतें. बाकीच्या वस्तू आमच्याकडे आल्या तितक्या सहज पिस्तूल आलें नाहीं. शस्त्राचा वारसा बापाकडून मुलाकडे सरळ येत नाहीं. मध्यें सरकार उभें असतें. परवानेदार वारला कीं त्याचें हत्यार पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचें, आणि वारसानें आपल्या नांवें वेगळा परवाना मागावयाचा, ही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाची व २०१६ च्या नियमांची रीत आहे. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाल्यामुळें आमच्या खेपा जवळच्या जवळ झाल्या, एवढेंच. चौकशी झाली, शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला झाला, आणि अखेर तें .३२ बोअरचें काळसर पिस्तूल आमच्या हातीं पडलें. आमची पन्नाशी तेव्हां उलटली होती. छाती मात्र विशीच्या पोरासारखी फुगली.

वडिलांनीं तें कधीं मिरविलें नाहीं. उसाच्या मळ्यांत रात्रीं मुक्काम असला कीं तें सोबत असे, इतकेंच आम्हांस ठाऊक. आम्हांस मात्र प्रथम दिसलें तें त्याचें जुनेपण. मुठीवरच्या पट्ट्या झिजल्या होत्या. त्या काढून आम्हीं शिसवी लांकडाच्या बसविल्या व त्यांवर आपल्या नांवाचीं आद्याक्षरें कोरून घेतलीं. कमरेसाठीं तांबूस चामड्याचें म्यान शिवविलें. एवढ्यानें हौस भागेना, तेव्हां परवानाधारक कारागिरास चाप थोडा हलका करून द्या असें सांगितलें. त्या वृद्ध गृहस्थांनीं पिस्तूल परत आमच्यापुढें सारलें. "साहेब, चाप जड आहे म्हणूनच तुम्ही निर्धास्त फिरतां," ते म्हणाले. नळी आंखूड करणें किंवा हत्याराचा मूळ प्रकार बदलणें हा तर कायद्यानें गुन्हाच आहे, हेंहि त्यांनीं न विचारतां सांगितलें. आम्ही मनांत म्हणालों, म्हातारा भित्रा दिसतो.

हत्यार बाहेर नेतांना तें म्यानांत, झांकलेलें व आपल्या पूर्ण ताब्यांत असावें, असा नियम आहे. आम्हीं तो पाळला, पण कसा? सारंगखेड्याच्या घोडेबाजारांत कोटाची खालची गुंडी काढून, वाऱ्यानें कोट जरा हलेल अशा बेतानें आम्ही उभे राहिलों. दोघांतिघांच्या नजरा कमरेकडे वळल्या, तेव्हां जें वाटलें तें सांगावयास आज लाज वाटते. संरक्षणासाठीं घेतलेलें हत्यार दिसावें असें ज्यास वाटतें, तो तें संरक्षणासाठीं बाळगीत नाहीं. हें आम्हांस पुढें कळलें, तेंहि आपल्या बुद्धीनें नव्हे.

त्या वर्षींच्या खंडेनवमीस आम्हीं पाटावर कोयते, विळे, नांगराचा फाळ मांडला आणि मधोमध पिस्तूल ठेविलें. मॅगझिन काढून कपाटांत कुलुपाखालीं ठेविलें होतें. सौभाग्यवतीनें हळदकुंकू वाहतांना विचारलें, "रिकामें आहे ना?" आम्ही जाणत्याच्या थाटांत उत्तरलों, "मॅगझिनच काढलें आहे; आतां तें लोखंडाचा तुकडा आहे." पांच वर्षांची नात पाटाला टेकून बसली होती. शिसवी मुठीवरचीं चकाकणारीं अक्षरें तिला ओळखतां येऊं लागलीं होतीं. त्यांवरून ती बोट फिरवीत होती.

आमचे एक मामा सैन्यांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते सणासाठीं आले होते. त्यांनीं एक शब्द न बोलतां नातीला उचलून बाजूस बसविलें, पिस्तूल घेतलें, नळी भिंतीकडे केली आणि स्लाइड मागें ओढली. एक पिवळेंधमक काडतूस उडून कुंकवाच्या करंड्यावर आपटलें.

घरांत कोणीच बोललें नाहीं. मामा म्हणाले, "बाळ, मॅगझिन काढलेंस, पण नळीनें आधींच घेतलेलें काडतूस कोणीं काढावयाचें?"

या जातीच्या पिस्तुलाची सारी करामत व सारा धोका याच ठिकाणीं आहे. बार उडाला कीं त्याच्याच धक्क्यानें स्लाइड मागें जाऊन रिकामें टरफल फेंकते, आणि पुढें येतांना मॅगझिनमधलें नवें काडतूस नळीच्या तोंडीं सारते. म्हणून नळींत काडतूस नेहमीं तयार राहूं शकतें. रिकामें करण्याचा क्रम एकच: आधीं मॅगझिन काढावें, मग स्लाइड ओढावी, मग डोळ्यांनीं पाहावें व बोटानें चांचपावें. क्रम उलटला तर मॅगझिनमधलें पुढचें काडतूस आंत शिरतें, आणि माणूस रिकामें समजून भरलेलें हत्यार खालीं ठेवतो. शिक्षणाच्या वेळीं हें सारें आम्हांस सांगितलें होतें. आम्हीं दाखला घेतला. धडा घेतला नव्हता.

त्यानंतर नंदुरबारास गेलों असतां शिरीषकुमाराच्या स्मारकापाशीं आमचीं पावलें थबकलीं. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं पंधरा वर्षांचा हा मुलगा पोलिसांच्या गोळीबारांत पडला. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्याम हेहि गेले. त्यांच्यापाशीं हत्यार नव्हतें. १८७८ च्या कायद्यानें हिंदी माणसास परवान्याखेरीज शस्त्र वर्ज्य केलें होतें आणि युरोपीयांस मोकळीक होती. त्या अपमानाची आठवण ठेवूनच १९३१ च्या कराची ठरावांत नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें तो मूलभूत हक्कांत घातला नाहीं. परवाना हा आजहि विश्वासानें सोंपविलेला भार आहे. निःशस्त्र मुलांनीं ज्या गांवीं मान मिळविला, त्याच जिल्ह्यांत आम्ही तो शिसवी मुठींत शोधीत होतों.

पिस्तूल अजून आमच्यापाशीं आहे. मळा एकांतांत आहे, आणि वडिलांचें कारण अजून खरें आहे. परंतु आद्याक्षरांच्या पट्ट्या काढून जुन्या झिजलेल्या पुन्हा बसविल्या आहेत. पिस्तूल एका कुलपांत व काडतुसें दुसऱ्या कुलपांत असतात. दोहोंच्या किल्ल्या आमच्याजवळ. खंडेनवमीस तें पाटावर येत नाहीं. त्या दिवशीं नात मोठ्या गंभीरपणें आपली पेन्सिल विळ्याशेजारीं ठेवते, आणि सौभाग्यवती तिलाहि कुंकू लावते. रिकामें आहे ना, असें आतां तिला विचारावें लागत नाहीं. आम्ही मात्र कुलूप उघडलें कीं दर वेळीं स्वतःस विचारतों, आणि उत्तर ऐकून न थांबतां बोटानें चांचपून पाहतों.