अर्धं आभाळ, अर्धी विहीर!

ऐका ना! हातातली कामं ठेवा बाजूला आणि ऐका! मला काहीतरी सापडलंय, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय आज घास गोड लागायचा नाही.

डोम पोर्ट! पाण्यात फोटो काढताना कॅमेऱ्यापुढे लावतात तो पारदर्शक अर्धगोल! आता तुम्ही म्हणाल, धाराशिव जिल्ह्यातल्या बाईला त्याच्याशी काय देणंघेणं? घरातही हेच म्हणून झालंय. उन्हाळा लागायच्या आत जिथं टँकरचा विषय निघतो, तिथं ही निघाली पाण्यातले फोटो काढायला! हसा, खुशाल हसा. मलाही हसू येतंय. पण एका जागी बसवत नाही, त्याला काय करू?

झालं असं, की भाचा सुट्टीला आला आणि त्यानं पिशवीतून मुठीत मावेल एवढा ॲक्शन कॅमेरा काढला, आणि मग तो त्या अर्धगोलाच्या मागं चपखल बसवला, आणि मग म्हणाला, "आत्या, येतेस का विहिरीवर?" आणि मग आम्ही शेतातल्या जुन्या, मोटेच्या काळातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर गेलो, आणि मग मी धीर करून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले (मला पोहता येत नाही, हे ध्यानात ठेवा), आणि मग अर्धगोल अर्धा पाण्यात धरला, अर्धा वर, बटण दाबलं, पडद्यावर पाहिलं, आणि मटकन पायरीवरच बसले!

वर आभाळ! विहिरीचं दगडी तोंड, थारोळ्याची कड, बाभळीला लटकणारे सुगरणीचे खोपे! खाली हिरवंगार पाणी, पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्या, आणि मुटका मारून नुकत्याच वर आलेल्या पोरांचे पाय! वर त्यांची खिदळणारी तोंडं, खाली सपासप चाललेले पाय, आणि मधोमध पाण्याची एकच बारीक रेघ! एकाच फोटोत! एका कोपऱ्यात तर गप्पी मासे! हिवतापवाले सोडतात ते! इतकी वर्षं त्या विहिरीत डोकावतेय, पाण्याच्या आत कोण कसं राहतं ते कधी दिसलंच नव्हतं.

मी इतिहास शिकवते. भौतिकशास्त्राशी माझं कधीच पटलं नाही. तरी त्या रात्री मी भाच्याला झोपू दिलं नाही. साधी सपाट काच का नको? अर्धगोलच का? त्यानं सांगितलं ते मला समजलं तसं सांगते, चुकलं तर विज्ञानाच्या मास्तरांना विचारा.

सपाट काचेतून पाण्यात बघितलं की प्रकाशाचे किरण वाकतात. समोरची वस्तू आहे त्याच्या पाऊणपट अंतरावर भासते आणि एकतृतीयांश मोठी दिसते. म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स लावावी, तर पाणी तिची रुंदीच खाऊन टाकतं! आणि ऐका, खरी गंमत इथं आहे. सपाट काचेमागं १८० अंश बघणारी फिशआय लेन्स लावली, तरी पाण्यात तिला ९७ अंशांच्या पलीकडचं दिसतच नाही! कितीही महागाची असो! ९७ म्हणजे ९७! आणि पाण्यात बुडी मारून वर बघणाऱ्या माणसाला बाहेरचं अख्खं जग, काठ, झाडं, आभाळ, काठावर ओरडणारी आई, सगळं ज्या एका गोल खिडकीत दिसतं ना, ती खिडकीही त्याच ९७ अंशांची! तोच आकडा! मी दोनदा विचारलं, तोच!

अर्धगोलात मात्र, लेन्स बरोबर त्याच्या मध्यबिंदूशी बसवली, तर किरण काचेवर सरळ येतात, वाकत नाहीत. रुंदी शाबूत! लेन्स पुढंमागं सरकली की कडा ओढल्यासारख्या दिसतात, म्हणून मोठ्या कॅमेऱ्यांना मध्ये जोडकड्या घालून ते अंतर जुळवतात. पण अर्धगोल एक खोड करतोच. लांबातलं लांब दृश्यसुद्धा तो त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर आणून उभं करतो. आठ इंची डोमची त्रिज्या चार इंच, म्हणजे विहिरीची समोरची भिंत, तिच्यातून उगवलेला पिंपळ, पोरं, मासे, सगळं डोमपासून फूटभराच्या आत! फूटभराच्या! कॅमेरा फोकस करतो तो त्या फूटभरावर. म्हणून जवळचं स्पष्ट टिपता येणारी लेन्सच हवी.

मग वर आभाळ लांब आणि खाली पाणी फूटभरावर, दोन्ही एकदम स्पष्ट कसं? मोठ्या कॅमेऱ्यात त्यासाठी छिद्र बारीक करतात, एफ-११, एफ-१६. आणि बारक्या ॲक्शन कॅमेऱ्याचा सेन्सरच एवढा लहान, की जवळचं आणि लांबचं त्याला बऱ्यापैकी एकदमच स्पष्ट दिसतं. म्हणजे आपल्या कामाला स्वस्तातला जास्त सोयीचा! मी टाळीच वाजवली.

आणि मग खरेदीचं वेड! रात्र रात्र वाचतेय. आधी काय घ्यायचं? सगळे कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात, आणि तिथंच उलटं होतं. हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची जलरोधक पेटी, मोठ्या कॅमेऱ्यांसाठी एकेका मॉडेलच्या मापानं बनते. कॅमेरा बदलला की पेटी गेली! हाँगकाँगच्या नॉटिकॅमची ॲल्युमिनियमची पेटी कॅमेऱ्याहून महाग पडू शकते. अमेरिकेच्या आयकेलाइटच्या पेट्यांत पारदर्शक प्लास्टिकच्या मिळतात, पाणी शिरायला लागलं तर डोळ्यांना दिसतं! म्हणून आधी ठरवायचं फोटो कसला हवा, मग त्याला लागणारी लेन्स, मग तिचं पोर्ट, मग पेटी, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. इवल्या माशाचा डोळा टिपायचा असेल तर सपाट पोर्टच बरं. मासा जवळून, मागं खडक, असं हवं असेल तर चार इंची लहान डोम. आणि अर्धं-अर्धं हवं असेल तर मोठा! मोठ्या डोमवर पाण्याची रेघ बारीक येते. लहान डोमवर एक लाट आली की रेघेसकट फोटो गेला!

मोठ्याचा त्रास? तरंगतो! आठ इंची पूर्ण अर्धगोलात दोन लिटरच्या वर हवा असते, म्हणजे पाणी त्याला दोन किलोच्या जोरानं वर ढकलतं. माझे हात रडले! आणि खोल नेला तर उलटं संकट. दहा मीटरवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाएवढा जादा होतो, त्या हिशेबानं वीस फूट पाण्यात त्या डोमवर जवळजवळ दोन क्विंटल भार! दोन क्विंटल! आणि एवढ्या जोरानं आत घुसू बघणारं पाणी अडवून धरते कोण? एक रबरी ओ-रिंग! कुकरची रिंगच म्हणा ना! तिच्यावर एक केस, वाळूचा एक कण बसला की पाणी आत. म्हणून सिलिकॉन ग्रीस अगदी पुसट लावायचं, आणि कॅमेरा न घालता, आत कोरडा टिश्यू कागद ठेवून, पेटी आधी पाण्याच्या बादलीत बुडवायची. कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत.

डोम काचेचा की ॲक्रिलिकचा? ॲक्रिलिक हलकं, स्वस्त, पण चरे पटकन पडतात. गंमत म्हणजे पाण्यात ते चरे पाण्यानंच भरून निघतात आणि दिसत नाहीत! पाण्यावरच्या अर्ध्यात मात्र दिसतात. पण पॉलिश करून काढता येतात. काचेला चरे सहज पडत नाहीत, पडले की पडले. आणि वरच्या भागावर थेंब साचतात, त्याला उपाय काय माहितीये? थुंकी! खरंच! चोळायची, खळबळायची, आणि मग पाणी थेंब न धरता सपाट ओघळतं. जगभरातले पाणबुडे हेच करतात!

आता खोलीचं. ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७ पेटीशिवाय १५ मीटर जातो, गोप्रो १० मीटर. आपल्या विहिरीत पाणी असतं किती? पाण्यात लाल रंग पहिल्या पाचेक मीटरांतच विरत जातो. आपण तर पाण्याच्या रेघेवर! सगळे रंग जागच्या जागी! मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा केंद्र आहे, तिथं जायचंच आहे, नाही असं नाही. पण कोल्हापूर ओलांडून घाट उतरण्याआधी घरची विहीर आहे ना! आणि फ्रान्समध्ये लुई बुतांनं १८९३ साली पाण्याखाली फोटो काढायला घेतले, पण पाण्याच्या आत बसून बाहेर बघायची हौस आपल्या जिल्ह्यात त्याहून जुनी! नळदुर्गचा पाणीमहाल १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात खोली, डोक्यावरून पाणी कोसळतंय, आणि आतला माणूस खिडकीतून ते बघतोय, कोरडा! मी तिथं मुलांच्या सहली घेऊन गेलेय, माहिती पाठ आहे, पण बांधणाऱ्याच्या मनात काय असेल ते आत्ता कुठं लक्षात येतंय!

तर तुम्हीही चला. पावसाळ्यात नको, पाणी गढूळ असतं. गाळ खाली बसला की, मार्गशीर्ष-पौषात, भर दुपारी, ऊन आत पडतं तेव्हा. मोटारीचा स्टार्टर बंद करून फ्यूज काढूनच पाण्यात पाय ठेवायचा, हे विसरायचं नाही. काठावर दोर घेतलेला पोहणारा माणूस हवा. आणि वर्षानुवर्षं बंद पडलेल्या विहिरीत उतरायचंच नाही, तिथली हवा जीव घेते.

माझा निकाल झालाय: डोम मोठा घ्या, कॅमेरा छोटा चालतो. तुमच्या शिवारात पायऱ्यांची विहीर असेल आणि तिला पाणी असेल, तर मालकाला विचारून ठेवा आणि मला निरोप धाडा. डोम मी आणते!